बकऱ्यांचा कोठा: डोणगाव शिवारातली पन्नास वर्षं

मेहकरहून मालेगावकडे निघालं की नागपूरच्या जुन्या रस्त्यावर डोणगाव लागतं. काळी जमीन, मधूनच मुरमाड टेकाडं, पावसाळ्यात सोयाबीन आणि तूर, पाणी असेल तिथे हिवाळ्यात हरभरा. या पट्ट्यात बैलांच्या कोठ्याचा विचार पिढ्यान्‌पिढ्या झाला. त्याचं तोंड कुठे असावं, गव्हाण किती उंच घ्यावी, दावणीचे खुंटे कुठे ठोकावेत, हे म्हाताऱ्यांना पाठ असायचं. बकऱ्यांना मात्र उरलेली जागा मिळाली. घराच्या मागची सांद, ओसरीचा कोपरा, नाहीतर कोठ्याला टेकवलेलं एखादं छप्पर. या उरलेल्या जागेचं गेल्या पन्नास वर्षांत काय झालं, ती कुठे सुधारली आणि कुठे बिघडली, ते एकदा सलग मांडून पाहायला हवं. कारण या घडीला गावोगाव बकऱ्यांसाठी पक्की शेड उभी राहताहेत आणि एकदा चुकीचं बांधलेलं शेड वीस वर्षं तसंच राहतं.

जुन्या व्यवस्थेत बकरी दिवसभर घरी नसायचीच. गावातलं एखादं घर राखोळीवर सगळ्यांच्या बकऱ्या चारायला न्यायचं. न्याहारीच्या वेळेला कळप निघायचा, दिवेलागणीला परतायचा. गायरान, नाल्याचे काठ, धुरे, सुगीनंतर मोकळी पडलेली वावरं, सगळीकडे तोंड घालायला जागा होती. त्यामुळे घरी लागायचा तो फक्त रात्रीचा आडोसा. पाऊस अंगावर येऊ नये, कुत्रा-लांडगा आत शिरू नये आणि पिल्लांनी रात्रभर आईला पिऊन सकाळचं दूध संपवू नये, एवढ्याच तीन अपेक्षा. पिल्लांसाठी डालगं असायचं. संध्याकाळी पाजून झालं की पिल्लं त्याखाली कोंडायची आणि वर दगड ठेवायचा.

भिंती कुडाच्या. तुराट्या किंवा पऱ्हाट्या उभ्या लावून आडव्या कामट्यांना बांधायच्या आणि शेणमातीने लिपायच्या. इथे एक बारकावा होता, आणि तो माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोलाचा आहे. शहाणी बाई पूर्ण भिंत लिपत नसे. खालचा कमरेएवढा भाग लिपायची, वरचा तसाच सोडायची. थंडीचं वारं बसलेल्या बकरीच्या अंगाला लागत नसे आणि वरच्या तुराट्यांच्या फटींतून रात्रभर हवा खेळायची. मुताचा उग्र वास आत साचत नसे. आज तज्ज्ञ जे सांगतात, की तीन-चार फूट भिंत घ्या आणि वर जाळी लावा, तेच त्या कुडात होतं.

तरी ते दिवस सगळे चांगले होते असं म्हणता येणार नाही. काळ्या मातीची जमीन पावसाळ्यात चिखल होते. ओल्या जमिनीवर रात्र काढलेल्या बकऱ्यांची खुरं कुजायची, पिल्लांना सर्दी होऊन ती छातीत उतरायची. पिसवा आणि गोचीड कुडाच्या फटींत घर करायचे. श्रावण-भादव्यात पिल्लं दगावणं हे नशिबाचं मानलं जायचं. त्यातली बरीच मरतूक ओल्या जमिनीची होती.

१९७२च्या दुष्काळाने बकरीची किंमत पुन्हा पटवून दिली. ज्वारी गेली, कडबा गेला, ढोरं जगवणं अवघड झालं, पण बाभळी-बोरीच्या पाल्यावर बकरी तग धरून राहू शकते. शासकीय आणि संशोधनाच्या पातळीवरही याच सुमारास शेळीकडे लक्ष वळलं. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९मध्ये स्थापन झालं होतं. त्याच्या आदल्या वर्षी फलटणला निंबकरांची कृषी संशोधन संस्था उभी राहिली आणि पुढे तिने शेळी-मेंढीवर मोठं काम केलं. १९७८मध्ये राज्याचं मेंढी व शेळी विकास महामंडळ पुण्यात आलं. विदर्भात अमरावतीजवळ पोहऱ्याला त्याचं प्रक्षेत्र आहे. १९७९मध्ये मथुरेजवळ मखदूमला केंद्राची शेळी संशोधन संस्था सुरू झाली. मोठ्या शेळीला छताखाली १० चौरस फूट आणि उघड्यावर त्याच्या दुप्पट जागा, बोकडाला १५ ते २०, पिल्लाला वयाप्रमाणे ३ ते ५, ही मापं अशा संस्थांच्या प्रशिक्षणांतून आणि पुस्तिकांतून गावापर्यंत पोहोचली. त्यातलं पहिलं माप सगळ्यांच्या लक्षात राहिलं. दुसरं, म्हणजे उघड्या जागेचं, बहुतेकांनी सोडून दिलं.

खरा बदल पिकाने केला. नव्वदच्या दशकापासून विदर्भात सोयाबीन पसरलं आणि मेहकर-वाशीमचा पट्टा त्याचं माहेर झाला. ज्वारी हटली तसा कडबा हटला. कपाशी कमी झाली तशी कुडाला लागणारी पऱ्हाटी कमी झाली. पैनगंगेवरच्या पेनटाकळीसारख्या प्रकल्पांनी आणि विहिरींनी पाणी दिलं, तिथे सोयाबीन निघालं की हरभरा पडू लागला. वावर मोकळं राहण्याचे दिवस घटले. गायरानं आक्रसली, धुरे नांगरात गेले. राखोळी करणारी पोरं शाळेत गेली, मग पुण्या-मुंबईला गेली. बकरी दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरली की भांडण ठरलेलं. अलीकडे तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. असा कुंपणबंद रस्ता जिथून जातो तिथे कळपाला पलीकडच्या रानात जायला पुलाखालचा वळसा पडतो. अशा एकेक कारणाने बकरी घरी बसत गेली. जो आडोसा बारा तासांसाठी होता तो वीस-बावीस तासांचं घर झाला, पण बांधणाऱ्याच्या डोक्यात तो अजूनही रात्रीचा आडोसाच राहिला. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे.

२००० नंतर बंदिस्त शेळीपालनाची लाट आली. निंबकर संस्थेने परदेशातून आणलेल्या बोअर जातीची चर्चा होती, पश्चिम महाराष्ट्रातले मोठे फार्म पाहायला गाड्या भरून माणसं जात होती. पाहून आल्यावर तिथल्यासारखं शेड हवं वाटायचं: लोखंडी कैच्या, सिमेंटचा कोबा, काहींना तर जमिनीपासून चार फूट उंच फळ्यांची माचाण. कोकणासारख्या धो-धो पावसाच्या मुलखात माचाण उपयोगाची आहे. लेंड्या-मूत खाली पडतं, बकरी कोरडी राहते. पण मध्यम पावसाच्या आमच्या भागात, जिथे मुरूम हाताशी आहे, तिथे तो खर्च पहिल्याच वर्षी करणं मला कधी पटलं नाही. भांडवलाचा मोठा वाटा बांधकामात गेला की चांगली जनावरं, ढेप, लस आणि चाऱ्याचं वावर यांना पैसा उरत नाही. शेड उभं आणि आत बकऱ्या नाहीत, हे चित्र त्या लाटेनंतर पुष्कळांनी पाहिलं.

कोब्याची फरशी ही त्या काळाची दुसरी चूक. धुवायला सोपी म्हणून घातली, पण उताराला नाली नसेल तर मूत तिथेच थांबतं, वास धरतं आणि थंडीत पिल्लांच्या पोटाला गारवा लागतो. त्यापेक्षा फूटभर मुरूम दाबून भरावा, एका बाजूला उतार द्यावा, अधूनमधून चुना भुरभुरावा आणि पावसाळ्याआधी वरचा थर खरवडून नवा टाकावा. खरवडलेला थर लेंडीखतासकट वावरात जातो. काळ्या जमिनीवर पाया घेताना तर मुरमाला पर्यायच नाही, कारण ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि पातळ भिंतीला तडे देते.

मग आली सरकारी योजना. फेब्रुवारी २०२१च्या शासन निर्णयाने रोजगार हमीतून शरद पवार ग्रामसमृद्धी योजना सुरू झाली आणि वैयक्तिक लाभार्थ्याला गुरांच्या गोठ्याबरोबर शेळीपालन शेडही मिळू लागलं. ज्याला स्वतःच्या पैशाने चार विटा रचणं शक्य नव्हतं त्याच्या बकऱ्यांवर छत आलं, ही मोठी गोष्ट आहे. निर्णयात १० शेळ्यांसाठी माप दिलं आहे: लांबी ३.७५ मीटर, रुंदी २ मीटर, म्हणजे ७.५० चौरस मीटर. भिंतींची सरासरी उंची २.२० मीटर, विटा-सिमेंटचं बांधकाम, लोखंडी तुळयांवर पत्रा, खाली मुरूम, पिण्याच्या पाण्याची टाकी. खर्च ४९,२८४ रुपये. तळाला मुरूम सांगितला हे योग्यच झालं.

आता हे माप आत उभं राहून पाहू. साडेसात चौरस मीटर म्हणजे ८० चौरस फुटांच्या जरा वर, बकरीमागे आठ. एका बकरीला खाताना साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर गव्हाण लागते, दहा जणींना साडेतीन ते चार मीटर. म्हणजे एक अख्खी लांब भिंत गव्हाणीला गेली. गव्हाण अर्धा मीटर रुंद धरली तर आत बसायला दीड मीटर रुंदीची पट्टी उरते, बकरीमागे सहा चौरस फूट. त्यातच व्यायला आलेली बकरी, त्यातच पिल्लं, त्यातच शिंगं मारणारी थोराड शेळी. रात्रीपुरतं हे एक वेळ चालेल. पण दिवसभर बकऱ्या आतच असतील तर हे माप अपुरं आहे, आणि याच मापाला फाटकाबाहेर कुंपणाचं वाडगं जोडलं असतं तर तेच शेड उत्तम ठरलं असतं.

उंचीचंही तसंच. सव्वासात फुटांवर पत्रा आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. या अक्षांशावर मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. तापलेला पत्रा तव्यासारखा खाली आग टाकतो. बकऱ्या चारा सोडतात, धापा टाकतात, दूध आटतं. लोकांनी स्वतःच यावर तोड काढली: पत्र्यावर तुराट्यांचा जाड थर, वरून चुन्याचा हात, पश्चिमेला बारदानाचा पडदा. तूर अजून पिकते, त्यामुळे कुडातली तुराटी आता छतावर गेली आहे. मात्र ती वाळलेली, चटकन पेट घेणारी वस्तू आहे. चुलीपासून आणि विजेच्या उघड्या तारेपासून ती लांबच हवी.

शेड कोणत्या दिशेला लांब असावं, यावर गवंड्याशी आधी बोलायला हवं. नंतर काही करता येत नाही. आपल्याकडे लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची. मग सकाळचं आणि दुपारनंतरचं तिरपं ऊन फक्त आखूड भिंतींवर पडतं आणि लांब बाजू जाळीसाठी मोकळ्या राहतात. पश्चिमेची आखूड भिंत पूर्ण बांधावी, पावसाचा झोड बहुधा तिकडूनच येतो. कित्येक शेड मी उलटी पाहिली आहेत, केवळ रस्त्याकडे तोंड हवं म्हणून.

या काळात बायकांच्या हातून झालेली एक सुधारणा कुठल्या आराखड्यात नाही. जमिनीवर टाकलेला, तुडवलेला, मुताने भिजलेला चारा बकरी तोंडात धरत नाही. म्हणून त्या सुबाभूळ, बोर, बाभळीचे ढाळे दोरीने आढ्याला टांगतात. बकरी मान वर करून ओरबाडते, रानात जशी खाते तशी, आणि पाला वाया जात नाही. तुरीचं कुटार मात्र गव्हाणीतच, आणि गव्हाण छातीच्या उंचीला.

आजारांनीही कोठ्याची रचना शिकवली. शेळ्यांचा पीपीआर हा आजार देशात पहिल्यांदा १९८७मध्ये तमिळनाडूत आढळला आणि पुढे सगळीकडे पसरला. बाजारातून आणलेली बकरी त्याच दिवशी कळपात सोडली की अख्खा कळप बसल्याची उदाहरणं सगळीकडे आहेत. लस आहेच, पण नव्या जनावराला तीन आठवडे वेगळं ठेवायला एक कोपरा लागतो, आणि तो आराखड्यात असावा लागतो. व्यालेल्या बकरीचा आणि पिल्लांचा कप्पाही तसाच. पत्र्याची एक फळी आणि चार खुंटे एवढ्यावर तो होतो.

२०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान राज्यातल्या शेळ्या सुमारे ८४ लाखांवरून १ कोटी ६ लाखांवर गेल्या. आपली बेरारी शेळी आता देशाच्या नोंदणीकृत जातींत आहे. ही जात आपल्या उन्हाला आणि पाल्याला सरावलेली आहे. तिला महागडं शेड लागत नाही. तिला कोरडी जमीन, खेळती हवा आणि अंग मोकळं करायला अंगण लागतं.

म्हणून ज्यांचं शेड यंदा मंजूर झालं आहे त्यांना एवढंच सांगणं. विटा उतरवण्याआधी दिशा ठरवा. चारही भिंती वरपर्यंत नेण्याऐवजी लांब बाजूंना वरती जाळी मिळते का, हे ग्रामपंचायतीत आणि अभियंत्याला विचारा. गव्हाण आत न घेता जाळीच्या बाहेरून लावा, म्हणजे आतली जागा वाचेल. शेडला लागून किमान दोनशे चौरस फुटांचं वाडगं आधी घाला, बाभळीच्या काट्यांचं असलं तरी चालेल, आणि त्यात सावलीचं एक झाड राखा. बांधून झाल्यावर एखाद्या सकाळी दार उघडल्याबरोबर आत जाऊन पिल्लाच्या उंचीला बसा. डोळे चुरचुरले तर हवा कमी पडते आहे, त्याच दिवशी भिंतीच्या वरच्या दोन थरांच्या विटा काढा.