पिशवी खाली, नळी मोकळी

घरी लघवीची नळी सांभाळायची म्हणजे आधी उतार सांभाळायचा. मूत्राशय वर, पिशवी खाली आणि मधली नळी मोकळी. कॉटच्या पट्टीला पिशवी अडकवली की मी वाकून बघतो: पिशवी फरशीला टेकत नाही ना, नळी खाली लोंबून तिच्यात लघवी साचत नाही ना. मी ज्यांचं करतो त्या अण्णांनी कूस बदलली की नळी हमखास मांडीखाली जाते. म्हणून कूस बदलून झाली की दरवेळी नळीवरून शेवटपर्यंत हात फिरवायचा.

या नळीला फोलीचं नाव आहे. फ्रेडरिक फोली हे अमेरिकी मूत्रविकारतज्ज्ञ. १९३०च्या दशकात त्यांनी ही फुग्याची रचना आणली. आतल्या टोकाजवळचा छोटा फुगा साधारण १० मिली निर्जंतुक पाण्याने फुगवला की नळी निसटत नाही. मात्र फुगा फुगलेला असताना नळीला हिसका बसला तर मूत्रमार्ग आतून फाटू शकतो. म्हणून नळी थोडी सैल ठेवून मांडीला चिकटपट्टीने बांधायची, आणि पट्टीची जागा अधूनमधून बदलायची, नाहीतर कातडी सोलवटते.

माणसाला हलवताना सगळ्यांचं लक्ष माणसाकडे असतं. खुर्चीतून गाडीत नेताना पिशवी सरळ त्याच्या पोटावर ठेवतात. दवाखान्याच्या दारातही मी हे पाहिलं आहे. तेवढ्यात जुनी लघवी मूत्राशयात मागे जाते. पिशवीच्या तोंडाशी झडप असली, तरी नळीत उभी असलेली लघवी ती अडवू शकत नाही. म्हणून अण्णांना उठवताना एक हात पिशवीसाठीच राखून ठेवावा लागतो.

पिशवी दोन लिटरची असते, पण ती भरायची वाट बघायची नाही; अर्ध्याच्या वर गेली की रिकामी करायची. हात साबणाने धुवायचे, मोजायचं भांडं याच कामाचं, आणि तोटी भांड्याच्या काठाला लागू द्यायची नाही. मग तोटी बंद करून पुसायची आणि वहीत वेळ, मिली, रंग लिहायचा. या वहीमुळे डॉक्टरांशी बोलणं नेमकं होतं.

रोजची सफाई साध्या साबण-पाण्याने, शरीराकडून नळीच्या दिशेने. पुरुषांची पुढची कातडी मागे केली असेल तर धुऊन झाल्यावर ती आठवणीने पुढे आणायची, नाहीतर ती मागेच अडकून सूज येते.

डेटॉल नको, पावडर नको. नळी-पिशवीचा जोड उगाच उघडायला नको, आपल्या मनाने आत पाणी मारायला तर नकोच. मायेपोटी जास्त करायला जाणारी माणसं मी बघितली आहेत, आणि माझं मत पक्कं होत गेलं आहे: या कामात हात आवरणं हीच निम्मी सेवा. औषधांचंही तसंच. नळी बरेच दिवस राहिली की लघवीत जंतू सापडतातच. नुसता गढूळपणा किंवा वास म्हणून प्रतिजैविकं सुरू करायची नसतात. ताप, हुडहुडी, कमरेत-ओटीपोटात दुखणं, म्हाताऱ्या माणसाचं एकाएकी बरळणं, रक्ताच्या गाठी, किंवा काही तास पिशवीत थेंबही न येणं: यातलं काही दिसलं तर मात्र उशीर नको.

कधी पिशवी चक्क जांभळी होते. पोट साफ नसेल तर अन्नातल्या ट्रिप्टोफॅनपासून आतड्यात जे घटक तयार होतात, त्यांच्यावर लघवीतल्या काही जंतूंची क्रिया होऊन निळा-तांबडा रंग बनतो आणि प्लास्टिकला चढतो. घाबरवणारं दृश्य असलं तरी रंग स्वतः अपाय करत नाही; डॉक्टरांना सांगायचं आणि बद्धकोष्ठाकडे बघायचं. नळीच्या कडेने लघवी झिरपली की घरचे जाड नळी मागतात. पण पुष्कळदा कारण इथेही पोट साफ नसणं, नळी मुडपणं किंवा मूत्राशयाला येणारे पेटके हे असतं. पाण्याकडेही बघायचं: हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार म्हणून पाणी मोजून द्यायला सांगितलं नसेल, तर दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी पोटात जायला हवं.

पाहुणे आले की अण्णा चादर ओढून पिशवी झाकायला बघायचे, आणि त्या ओढाओढीत नळी ताणली जायची. आईच्या जुन्या सुती लुगड्याची खोळ शिवल्यावर ते थांबलं. सफाईच्या वेळी "अण्णा, दार लोटून घेऊ ना?" असं विचारून, त्यांनी हो म्हटल्यावरच मी सुरुवात करतो. हात चालतात तेवढं ते स्वतःच धुतात. ते त्यांचंच अंग आहे.

साधी लॅटेक्सची नळी काही आठवड्यांत बदलतात, सिलिकॉनची १२ आठवड्यांपर्यंत चालते. पण बदलायला जाताना पहिला प्रश्न हाच विचारावा, "डॉक्टर, नळी अजून लागेलच का?" नळी राहील त्या प्रत्येक दिवसाला संसर्गाची शक्यता वाढते. त्यांनी काढून बघू म्हटलं, तर पुढचे सहा-आठ तास जागरूक राहायचं: लघवी किती झाली ते मोजायचं, ओटीपोट फुगतंय का ते हात लावून बघायचं, आणि झाली नाही तर रात्र न काढता परत जायचं.