युरोपात आगगाडीची सफर : ऋतू कोणता निवडावा?

परदेशी नोकरी करणाऱ्या मुलांनी आईवडिलांना युरोप दाखवावयाचे ठरविले, की घरात पहिली चर्चा होते ती पैशांची आणि दुसरी व्हिसाची. कोणत्या महिन्यात जावयाचे, हा प्रश्न बहुधा शेवटी येतो आणि 'मुलाला रजा मिळेल तेव्हा' या एका उत्तराने निकालात निघतो. वास्तविक तो सर्वांत आधी सोडवावयास हवा. तेच रोम, तेच आल्प्स पर्वत आणि तीच आगगाडी. परंतु ऑगस्टमधील व सप्टेंबरमधील प्रवासात इतके अंतर पडते, की आयुष्यात बहुधा एकदाच घडणारी ही सफर सुखाची झाली की कष्टाची, हे पुष्कळदा त्या एका निर्णयावर ठरते.

आगगाडीने जाणाऱ्याने प्रथम दिवसाच्या लांबीचा विचार करावा. खिडकीतून दिसणारा प्रदेश हा या प्रवासाचा निम्मा लाभ होय, आणि अंधार पडला की तो लाभ संपला. गोवा-बेळगावकडे उन्हाळ्यातील व हिवाळ्यातील दिवसांत फार तर दोन तासांचा फरक असतो. पॅरिस शहरात मात्र जूनच्या अखेरीस दिवस सोळा तासांचा, तर नाताळच्या सुमारास जेमतेम सव्वाआठ तासांचा असतो. स्वित्झर्लंडमधील झेर्मात ते सेंट मॉरित्झ या मार्गावरील 'ग्लेशियर एक्सप्रेस'चेच उदाहरण घ्या. ९१ बोगदे आणि २९१ पूल ओलांडीत व २,०३३ मीटर उंचीची ओबरआल्प खिंड पार करीत ती सुमारे आठ तासांनी मुक्कामास पोहोचते. डिसेंबरात जवळजवळ सारा दिवस त्या एका प्रवासातच सरतो. शिवाय ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत ही गाडी धावतच नाही. त्या मार्गाने तेव्हा स्थानिक गाड्यांनी जावे लागते.

मग सर्वांत मोठे दिवस असणारे उन्हाळ्याचे महिनेच उत्तम, असे कोणासही वाटेल. परंतु जुलै व ऑगस्ट हे युरोपीय लोकांच्याच सुट्टीचे महिने. शाळा बंद असतात, कुटुंबेच्या कुटुंबे समुद्राकडे व डोंगराकडे निघतात, आणि गाड्या व खानावळी भरून जातात. १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, इटलीत सार्वत्रिक सुट्टी असते. त्या सुमारास रोममधील अनेक लहान दुकाने व भोजनगृहे बंद असतात. लूर्द येथे त्याच दिवसांत फ्रान्सची राष्ट्रीय यात्रा भरत असल्याने तेथे राहावयास जागा मिळणे कठीण जाते. रोमला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. बुधवारी होणाऱ्या पोपमहोदयांच्या जाहीर भेटी जुलै महिन्यात बहुधा स्थगित असतात.

त्यात उष्णतेची भर पडली आहे. 'युरोप म्हणजे थंड हवा' ही आपली समजूत आता सोडून दिली पाहिजे. २५ जुलै २०१९ रोजी पॅरिसमध्ये ४२.६ अंश आणि १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये ४०.३ अंश तापमान नोंदले गेले. आपल्याला असा उन्हाळा नवा नाही हे खरे. परंतु तेथील पुष्कळ जुन्या घरांत व लहान हॉटेलांत पंखादेखील नसतो. उन्हाने लोखंडी रूळ प्रसरण पावतात, म्हणून अशा दिवशी गाड्यांचा वेग कमी करावा लागतो. १९ जुलै २०२२ रोजी तर लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या एका प्रमुख मार्गावरील वाहतूकच थांबविण्यात आली होती. सामान ओढीत या फलाटावरून त्या फलाटावर जाणाऱ्या सत्तर वर्षांच्या आजीबाईंना ही दगदग कितपत सोसेल, याचा विचार मुलांनी अवश्य करावा.

हिवाळ्याचे आकर्षण निराळे आहे. नाताळपूर्वीचे बाजार, दिव्यांनी उजळलेले चौक आणि बर्फाच्छादित डोंगर पाहण्याची हौस कोणाला नसते? ज्यांना शहरे, चर्चमंदिरे व वस्तुसंग्रहालये पाहावयाची आहेत, त्यांनी हा काळ निवडण्यास हरकत नाही. मात्र नाताळच्या दिवशी ब्रिटनमध्ये आगगाड्या जवळजवळ पूर्णपणे बंद असतात. हिमवर्षावाचेही भय असते. २ डिसेंबर २०२३ रोजी म्युनिक येथील मुख्य स्थानकावरील वाहतूक बर्फामुळे ठप्प झाली होती. तेव्हा हिवाळ्यात जाणाऱ्याने परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच त्या शहरी पोहोचावे. लूर्दला जावयाचे असेल तर हिवाळा टाळावाच, कारण तेथील यात्रेचा मुख्य हंगाम ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंतचा असून पुढे कित्येक हॉटेले बंद होतात.

आता उरले दोन काळ. शहाण्या प्रवाशाने यांतूनच निवड करावी.

पहिला काळ मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा. ज्यांच्याबरोबर शाळेत जाणारी मुले आहेत, त्यांना आपल्याकडील उन्हाळी सुट्टीमुळे यातील मेचे दिवस सोयीचे पडतात. दिवस पंधरा तासांहून मोठा असतो, खोरी हिरवीगार असतात आणि धबधबे वितळत्या बर्फाने भरून वाहत असतात. उणीव इतकीच की उंचावरील पाऊलवाटा अजून बर्फाखाली असतात आणि काही पाळण्यांच्या गाड्या दुरुस्तीसाठी बंद असतात. तथापि १९१२ साली पूर्ण झालेली युंगफ्राऊची रेल्वे बाराही महिने प्रवाशांना ३,४५४ मीटर उंचीवरील स्थानकापर्यंत नेते. ख्रिस्तस्वर्गारोहणाचा गुरुवार आणि पेंटेकॉस्टनंतरचा सोमवार या दिवशी फ्रान्स, जर्मनी व स्वित्झर्लंड या देशांत सुट्टी असते. त्याला जोडून लोक प्रवासास निघतात. म्हणून ते दिवस एकाच गावी मुक्काम करून घालवावेत.

दुसरा काळ सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा, आणि वडीलधाऱ्यांसाठी हाच सर्वोत्तम असे आमचे मत आहे. युरोपातील शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी ओसरते आणि उन्हाची धार कमी होते. दिवस बारा तासांच्या आसपास असल्यामुळे प्रवास उजेडात पुरा होतो. लोझान ते माँत्र्यो या मार्गावर एका बाजूला जिनिव्हा सरोवर आणि दुसऱ्या बाजूला लाव्होच्या पायऱ्यापायऱ्यांच्या द्राक्षबागा दिसतात. द्राक्षांची तोडणी याच सुमारास होते. आपल्या शेतकरी कुटुंबांनाही हा काळ पुष्कळ ठिकाणी जमण्यासारखा आहे. ८ सप्टेंबरचा मरियेच्या जन्माचा सण घरी साजरा होतो, लावणी केव्हाच आटोपलेली असते आणि बहुतेक भात अद्याप कापणीस आलेले नसते. मात्र दोन ठिकाणी सावध राहावे. म्युनिक येथे सप्टेंबरच्या मध्यानंतर मोठा उत्सव असल्याने खोल्यांचे दर भडकतात; आणि ४ ऑक्टोबरला, संत फ्रान्सिसच्या सणाला, असिसी येथे दाटी असते. २०२६ पासून हा दिवस इटलीत पुन्हा राष्ट्रीय सुट्टीचा ठरला आहे.

ऑक्टोबर सरत आला की पावसाळी दिवस सुरू होतात. २५ ऑक्टोबर २०११ रोजी इटलीच्या किनाऱ्यावरील व्हेर्नात्सा व मोंतेरोस्सो ही गावे पुराच्या चिखलाने भरून गेली होती. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी व्हेनिस शहर भरतीच्या पाण्याखाली गेले होते. याउलट नॉर्वेसारख्या उत्तरेकडील देशांना जून-जुलैच अनुकूल. त्रोनहेम ते बोडो ही रेल्वे उत्तर ध्रुववृत्त ओलांडून जाते आणि त्या दिवसांत तेथे रात्र अशी होतच नाही.

महिना ठरला, की पुढील कामे क्रमाने करावीत. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. शेवटच्या पंधरवड्यावर तो टाकू नये. ब्रिटनला जावयाचे असल्यास त्याचा व्हिसा निराळा काढावा लागतो. १९५९ साली सुरू झालेला 'युरेल' पास आज ३३ देशांत चालतो. साठ वर्षांवरील प्रवाशांना त्यात १० टक्के सवलत आहे. मात्र फ्रान्स, इटली व स्पेनमधील वेगवान गाड्यांत पास असूनही जागा वेगळी राखून ठेवावी लागते. मोजकेच प्रवास करणाऱ्याने पासाऐवजी काही महिने आधी सुटी तिकिटे घ्यावीत. ती बहुधा स्वस्त पडतात. मार्ग दुरुस्तीसाठी बंद नाही ना, हेही पाहून घ्यावे. २०२४ साली फ्रँकफर्ट ते मानहाइम हा गजबजलेला मार्ग १५ जुलैपासून पाच महिने बंद होता.

रजा, शाळा आणि शेती यांचा मेळ घालताना प्रत्येक घराची अडचण वेगळी असणार. तरीही प्रवासाला निघणाऱ्यांत सर्वांत अशक्त कोण, हे आधी पाहावे आणि त्याच्या सोयीचा महिना निवडावा. मुलाला ऑगस्टऐवजी सप्टेंबरात रजा मिळत असेल, तर ती त्याने अवश्य बदलून घ्यावी. जमविलेल्या पैशांतून आईवडिलांना युरोप दाखवावयाचाच आहे, तर तो त्यांना शांतपणे, खिडकीशी बसून पाहता यावा.