अहवालाची वाट न पाहणारा आजार

हिरड्यांतून रक्त आले तर दंतवैद्य, अंगावर काळेनिळे डाग दिसले तर खेळताना लागले असेल, मुलीला पाळीत अतिरक्तस्राव झाला तर वयाचा परिणाम! कुमारवयातील तक्रारींना घरात अशी उत्तरे तयारच असतात आणि बहुधा ती खरीही ठरतात. क्वचित मात्र या खुणांमागे अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, म्हणजेच एपीएल, हा दुर्मीळ व वेगवान रक्तकर्करोग दडलेला असतो. १९५७ साली नॉर्वेच्या हिलेस्टाड यांनी त्याचे वर्णन केले, तेव्हा रुग्ण काही आठवड्यांतच दगावत.

रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी वाढतात, असे आपण ऐकून असतो. येथे पुष्कळदा त्या कमीच आढळतात आणि प्लेटलेट्सही दीड लाखाच्या बऱ्याच खाली असतात. पावसाळ्यात असा अहवाल हाती आला की डेंग्यूच प्रथम मनात येतो, त्यात नवल नाही. म्हणूनच यंत्राच्या आकड्यांवर न थांबता काचपट्टीवरील रक्त तज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहणे अत्यावश्यक ठरते. अर्धवट वाढलेल्या पेशींत सरपणाच्या मोळीसारख्या बारीक काड्या दिसल्या की जाणकाराला संशय येतो.

तेवढ्या संशयावरच औषध सुरू करतात. पंधराव्या व सतराव्या गुणसूत्रांतील अदलाबदल सिद्ध करणारी तपासणी लगेच पाठवतात, पण तिच्या निष्कर्षासाठी थांबत नाहीत. कारण रक्त गोठण्याची व्यवस्थाच कोलमडलेली असते आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचे भय सुरुवातीच्या दिवसांतच सर्वाधिक असते. हे औषध, ‘एट्रा’, जीवनसत्त्व ‘अ’च्या कुळातले आहे. ते बिघडलेल्या पेशींना मारण्याऐवजी प्रौढ करते. शांघायच्या वांग झेन्यी यांच्या चमूने १९८०च्या दशकात त्याचा गुण दाखवला. पुढे त्याला जोड मिळाली ती आर्सेनिक ट्रायऑक्साइडची, म्हणजे आपल्या आजी-पणजींना ठाऊक असलेल्या सोमलाची! आज पहिले संकट टळले तर बहुतांश रुग्ण बरे होतात.

अडचण येते ती आपल्या रीतीची. पेढीवर मोठा निर्णय चारचौघांच्या विचाराने होतो. मुलाच्या आजारातही काका, मामा, ओळखीचे डॉक्टर, मग ‘सोमवारी मुंबईला जाऊ’. दुसरे मत अवश्य घ्यावे, परंतु पहिली मात्रा पोटात गेल्यानंतर. दरम्यान अॅस्पिरिन देऊ नये, दात काढू नये. पुढे तपासणीत हा आजार नसल्याचे निघाले, तर औषध बंद करता येते.