ध्वनी : मनोऱ्यापासून कानापर्यंत

मुंबई उपनगरातील मालाड येथे आकाशवाणीचे प्रक्षेपण केंद्र आहे. तेथील उंच मनोऱ्याखाली उभे राहून कितीही कान टवकारले, तरी भाषण ऐकू यायचे नाही. नाशिककडच्या खेड्यात ओसरीवरच्या रेडिओतून मात्र तेच भाषण स्पष्ट ऐकू येते. हे कसे?

याचे कारण असे की, मनोऱ्यातून निघतो तो ध्वनी नव्हे. निघतात त्या विद्युत्-चुंबकीय लहरी. त्या प्रकाशाच्या जातीच्या. सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतात आणि त्यांना हवाही लागत नाही. ध्वनी म्हणजे कंप. हवा, पाणी, लाकूड असे काही माध्यम असेल तरच तो पुढे सरकतो. हवेत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. मालाडची हाक वाटेत न विरता नाशिकला पोहोचली असती, तरी तिला सहा मिनिटांहून अधिक वेळ लागला असता! रेडिओ-लहरीला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही.

आपल्या रेडिओच्या कर्ण्यातला कागदी पडदा थरथरतो, तेव्हा कुठे खरा ध्वनी जन्मतो. गुरुजींनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. एका डफावर ज्वारीचे चार दाणे ठेवा आणि अगदी जवळ दुसरा डफ जोरात वाजवा. पहिल्याला हात न लावताही दाणे नाचू लागतील. मधल्या हवेने कंप पोहोचविला.

आपल्या कानाचा पडदा हा असाच एक चिमुकला डफ. त्याचे कंप हातोडी, ऐरण व रिकीब या तीन इवल्या हाडांतून आतल्या शंखाकृती नळीतील द्रवात जातात. तेथे सुमारे १५ हजार केसाळ पेशी असतात. त्या हलल्या की मज्जातंतूंतून मेंदूला वर्दी जाते, आणि आपण म्हणतो, ‘ऐकू आले.’ सेकंदाला २० पासून २० हजारांपर्यंतचे कंप निरोगी तरुण कान टिपतो.

या पेशी एकदा मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून वरातीतल्या कर्ण्याला कान लावून उभे राहू नये. कानात काडी घालू नये. मूल लहान आहे म्हणून वाहता कान अंगावर काढू नये.

आणि गुरुजी, मागच्या बाकावरचा एखादा मुलगा हाक मारूनही ओ देत नसेल, तर त्याला आधी मठ्ठ म्हणू नका. त्याच्या पाठीमागून हलक्या आवाजात नाव घ्या. वळला नाही, तर पुढे बसवा, त्याच्याकडे तोंड करून शिकवा आणि पालकांना त्याचे कान डॉक्टरांना दाखवायला सांगा. कदाचित त्याचे लक्ष ठिकाणावर असेल. तुमचा शब्दच त्याच्यापर्यंत पोहोचत नसेल.