बोळ आणि रस्ता

उमरगा-लोहाऱ्याकडच्या माळवदाला दरवर्षी माती लागायची. मिरगाच्या आधी गावठाणातली पांढरी माती आणायची, छतावर पसरायची, धुम्मसाने चोपायची, पन्हळी मोकळ्या करायच्या, की पावसाळ्याची चिंता मिटली. बाप करायचा तेच मुलगा करायचा. जुनी माती कोणी काढत नसे, वर नवी पडत असे. असे करत दोन-तीन पिढ्यांत फळ्यांवर फूट-दीड फूट जाडीचा थर चढला. खाली भिंती दोन-अडीच फुटांच्या, दगड आणि चिखलाच्या, बाहेरून आणि आतून दोन वेगळे पदर रचलेल्या, मधे भर घातलेली. दोन्ही पदरांना सांधणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाने काय केले ते वाचकांना सांगायला नको. सुमारे आठ हजार माणसे गेली. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचे नाव जगभर गेले. तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातली सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावे तेवढीच उद्ध्वस्त झाली, पण त्यांची नावे मागे राहिली. त्या पहाटेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला अनेक वर्षे ओढ लागली आहे ती त्यानंतर कागदावर आखल्या गेलेल्या गावांची. गाव नव्याने मांडताना माणसाला कशापासून वाचवायचे हे कोणीतरी ठरवते. इथे ते कोणी ठरवले, आणि ज्या ग्रामपंचायतीला पुढे ते गाव सांभाळायचे होते तिला त्यात किती वाटा मिळाला, हा माझा प्रश्न आहे.

आधी जुने गाव समजून घ्यायला हवे. वाड्याला बाहेरच्या बाजूने खिडकी नाही, दरवाजा एकच आणि तोही अडसराचा. आत चौक, चौकाभोवती भावांच्या चुली, एका कडेला गुरे. वाड्याला वाडा लागून, मधून बोळ एवढा अरुंद की समोरून बैल आला तर माणसाने भिंतीला चिकटावे. गावाला वेस, वेशीजवळ चावडी, उंचावर गढी. ही सारी रचना चोरदरोड्याच्या भयातून आली आहे. हा मुलूख निजामाच्या राज्याची कड. पलीकडे सोलापूर, म्हणजे इंग्रजी अंमल. रझाकारांच्या काळात या भागाने जे सोसले त्याने जाड भिंत आणि एकच दरवाजा यांवरची श्रद्धा आणखी पक्की झाली असणार, असे मला वाटते. ज्या भिंतीने १९४८ पर्यंत राखले, तिनेच १९९३ मध्ये घात केला.

भिंतीच्या जोडीला माणसेही होती. हैदराबाद संस्थानात गावाला दोन पाटील असत. माली पाटील सारा गोळा करायचा, पोलीस पाटील बंदोबस्त पाहायचा. पण रात्री खरोखर जागे राहायचे ते वेसकराने. ते काम महारांच्या वाट्याला जन्माने आले होते. बलुत्यावर, आणि नाही म्हणण्याची सोय नसताना. गावाची झोप ज्याच्या जागण्यावर अवलंबून होती त्याचे घर वेशीच्या बाहेर होते. जुन्या बोळांच्या आठवणीने गहिवरणाऱ्या लेखांत हा तपशील येत नाही, म्हणून तो इथे मुद्दाम नोंदवतो. पुढे वंशपरंपरेची पाटीलकी गेली, १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने नेमणुकीचा पोलीस पाटील आला, आणि १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने गावाची राखण, आग विझवणे, दिवाबत्ती, गटारे ही कामे पंचायतीच्या सूचीत घातली. सूची लांबलचक होती आणि तिजोरी रिकामी.

आता १९९२ कडे येतो, कारण या कहाणीतला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग तिथे आहे. त्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात किल्लारी परिसराला धक्क्यांमागून धक्के बसत होते. जमिनीतून गडगडाट ऐकू यायचा, भांडी हलायची, लोक घरात झोपायला भीत होते. १८ ऑक्टोबरचा धक्का त्यातला मोठा. गावाने ही भीती ज्याला सांगायची, त्या यंत्रणेकडे उत्तर द्यायला काहीच नव्हते, कारण तेव्हाच्या नकाशावर हा सगळा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. नकाशा सुरक्षित म्हणतो आणि घरातले पातेले हलते, अशा वेळी सरकारदरबारी नकाशा खरा ठरतो. पुढे २००२ च्या मानकात हाच भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. १९९२ च्या त्या महिन्यांत छतांवरची फूटभर माती उतरवा एवढे जरी कोणी गावोगाव सांगितले असते तरी किती जीव वाचले असते, हा विचार मला सोडत नाही.

काळाची आणखी एक जुळणी लक्षात घेण्यासारखी आहे. २४ एप्रिल १९९३ ला ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. पंचायतींना घटनेत जागा मिळाली, आणि अकराव्या अनुसूचीत ग्रामीण घरे, रस्ते, वीज हे विषय त्यांच्या नावावर लिहिले गेले. त्यानंतर जेमतेम पाच महिन्यांत देशाच्या इतिहासातला घरबांधणीचा एक मोठा ग्रामीण कार्यक्रम सुरू झाला. त्यात पंचायतीला कर्ता होण्याची संधी होती. ती गेली. जागतिक बँकेचे कर्ज आले, राज्याचा स्वतंत्र पुनर्वसन विभाग उभा राहिला, देणगीदार संस्थांनी गावे दत्तक घेतली, कंत्राटदार आले. ग्रामस्तरीय समित्या होत्या, गावसभांत चर्चा झाल्या, टाटा समाजविज्ञान संस्थेला लोकसहभागाचे काम दिले होते. तरी गाव आखणारा हात बाहेरचाच राहिला.

५२ गावे नव्या जागी हलवायची ठरली. घरे तीन मापांची: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. कोणाला किती, हे त्याच्याकडे जमीन किती होती यावरून. भूमिहीनाला २५०. ज्याच्या घरातली माणसे मेली त्याला मिळणारे नवे छप्परही त्याच्या सातबाऱ्याने मोजले गेले, आणि अनेक गावांत मापानुसार ओळी पडल्या. म्हणजे मोठ्या घरांची आळी एकीकडे, लहान घरांची दुसरीकडे. एका चौकातले तीन भाऊ तीन रस्त्यांवर गेले. वस्त्या बऱ्याच ठिकाणी जातवार होत्या तशाच राहिल्या, फक्त आता त्यांना सरळ रेषेच्या सीमा मिळाल्या.

आराखड्यावरून जो वाद झाला तो फार शिकवणारा आहे. पुष्कळ वास्तुविशारदांना आणि अभ्यासकांना हे चौकटीचे आखीव गाव पसंत नव्हते. घरे घोळक्याने असावीत, मधे चौक असावा, जुन्या गावाची वीण राहावी, असे त्यांचे म्हणणे. रुंद सरळ रस्त्यांच्या बाजूने मात्र गावातलीच माणसे होती. त्यांनी त्या पहाटे बोळ दगडांनी भरलेले पाहिले होते; त्या बोळांतून मदत आत जाऊ शकली नव्हती, मृतदेह बाहेर येऊ शकले नव्हते. त्यांना बोळ नको होता आणि दगडही नको होता. शहरातल्या वसाहतीसारखे गाव मागण्यात हौसेपेक्षा भीती मोठी होती. ‘लोकांना विचारले नाही’ एवढे म्हणून या प्रश्नातून सुटता येत नाही. काही ठिकाणी विचारले होते. पण दुःख ताजे असताना, एका रात्रीच्या भयाला पुढच्या पन्नास वर्षांच्या गावाबद्दल विचारले. एखाद्या वर्षाने पुन्हा विचारण्याची सोय कार्यक्रमात असायला हवी होती. ती नव्हती, कारण खर्चाला मुदत होती.

रोहित जिग्यासू या वास्तुसंवर्धकाने २००२ साली नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या विद्यापीठात मराठवाडा आणि नेपाळ यांवर डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. या विषयावर माझ्या वाचनात आलेला हा सर्वांत चांगला दस्तऐवज. जिग्यासू नव्या गावांत फिरले तेव्हा लोक आपले जुने गाव हळूहळू परत रचत होते. घरापुढच्या मोकळ्या जागेला भिंत घालत होते, गुरांसाठी छपरे उभी करत होते, आणि त्यासाठी जुन्या गावठाणातल्या पडक्या वाड्यांचा दगड आणत होते. सरकारने आतले घर भूकंपाला टिकेल असे दिले होते. आवाराची भिंत लोकांनी आपल्या हाताने, पूर्वीसारखीच रचली. मला यात अडाणीपणा दिसत नाही. चौक हवा, आडोसा हवा, दाराशी बांधलेले जनावर रात्री हाकेच्या अंतरावर हवे, ही गरज आराखड्यात मोजलीच गेली नव्हती. ती माणसांनी भिंत घालून सांगितली.

मग हे गाव ग्रामपंचायतीच्या हाती आले. जुन्या गावाच्या कित्येक पट जागेवर पसरलेले गाव म्हणजे कित्येक पट रस्ता, तेवढेच गटार, तेवढेच विजेचे खांब आणि लांबच लांब जलवाहिनी. घरपट्टी देणारी माणसे मात्र तेवढीच, किंबहुना कमी. बोळात एका घरच्या ओसरीवरचा कंदील चार दारांना पुरायचा. रुंद रस्त्याला खांब लागतो आणि खांबाला बिल येते. २०२१ च्या जूनमध्ये ग्रामविकास विभागाने पथदिव्यांची बिले पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरायला सांगितली, महावितरणने थकबाकीपोटी राज्यभर पथदिव्यांची जोडणी तोडली, आणि सरपंच रस्त्यावर उतरले. पूर्वी हा भार शासन उचलत असे. सगळ्याच पंचायतींना ते जड गेले. पण ज्या गावाचा विस्तारच बाहेरच्याने ठरवला, त्याने अंधाराची किंमतही स्वतःच्या विकासनिधीतून द्यावी, यात मला मोठा अन्याय दिसतो. मराठवाड्यात २०२४ च्या पावसाळ्यात रात्री आकाशात ड्रोन फिरतात म्हणून घबराट पसरली आणि तरुण काठ्या घेऊन गस्तीला बसले, तेव्हा गस्त घालायची कुठून कुठपर्यंत हा प्रश्न पसरट गावाला अधिक छळला असणार हे उघड आहे.

या सगळ्या काळ्या चित्रात एक कोपरा वेगळा आहे, आणि शोध घेता घेता मी त्याच्याकडेच ओढला गेलो. ५२ गावांपलीकडे, ज्यांना हलवायचे नव्हते अशा हजारो गावांत, जवळपास दोन लाख घरे दुरुस्त आणि मजबूत करायची होती. इथे कंत्राटदार नव्हता. पैसे घरमालकाच्या खात्यात हप्त्याहप्त्याने यायचे, कमी नुकसानीला १७ हजार रुपये, आणि काम त्याने स्वतः करून घ्यायचे. आधी लोकांचा विश्वास बसेना. अभियंते म्हणायचे छताची माती उतरवा, खांब आणि तुळई यांना तिरके आधार द्या, भिंतीत आरपार दगड घाला, वरून पट्टा बांधा. लोक म्हणायचे, दगडाच्या घरात आता झोपणार नाही. या पैशात विटांची एक खोली बांधू द्या.

या दोघांच्या मधे उभी राहिली ती संवाद सहायक. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेकडे या दुरुस्ती कार्यक्रमातल्या लोकसहभागाचे काम होते. संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून एकेक बाई पुढे आणली. सरकारी कागदांत या बाईचा उल्लेख ओळ-दोन ओळींचा आहे. प्रत्यक्षात तिने काय केले? योजना काय आहे ते दारोदार सांगितले. हप्ता अडला तर तालुक्याला जाऊन विचारले. गवंडी पट्टा न घालता भिंत वर नेतो आहे का, हे उभे राहून पाहिले. सिमेंटमध्ये वाळू किती, पाणी कधी मारायचे, हे जी बाई कधी चावडीची पायरी चढली नव्हती ती गवंड्याला विचारू लागली. अशा हजाराहून अधिक बाया होत्या. शेजारणीच्या घराची भिंत नीट आहे ना हे पाहणारी शेजारीण, एवढीच खरे तर ही कल्पना, आणि माझ्या मते संपूर्ण कार्यक्रमातली सर्वांत मौल्यवान.

या बायांनी पुढे बचत गट बांधले, पाणी आणि आरोग्याचे प्रश्न हाती घेतले, काही निवडून पंचायतीत गेल्या. २००१ च्या जानेवारीत कच्छ हादरले तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बाया तिथे गेल्या आणि घर पडलेल्या बायांशेजारी बसून बोलल्या. भाषा वेगळी होती, पण घर पडल्यावर सरकारकडे काय मागायचे हे दोघींना कळत होते. २०१६ साली मराठवाड्यातल्या स्त्रियांच्या शेतीकामासाठी स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याची मुळे किल्लारीच्या भूकंपात होती हे फार कमी लोकांनी सांगितले.

कार्यक्रम नव्वदच्या दशकाअखेर संपला आणि संवाद सहायकाचे पदही संपले. ते कोणत्याही पंचायत कायद्यात घातले गेले नाही. आज ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गावात बांधकाम करायचे तर पंचायतीची परवानगी घ्यावी लागते. मात्र भिंतीत पट्टा घातला का, आरपार दगड लावला का, हे पाहायला पंचायतीकडे माणूस नाही. पंचायतीत एक ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक), त्याच्याकडे अनेकदा दोन गावे, आणि टेबलावर घरकुलांपासून जन्ममृत्यूच्या दाखल्यांपर्यंत सगळे. ज्यांनी ती पहाट पाहिली नाही ते आता घरे वाढवत आहेत. पेठसांगवी किंवा सास्तूर इथे वाढीव खोलीचा अर्ज आला तर तो मासिक सभेत मंजूर होईल, आणि बांधकाम चालू असताना तिथे जाऊन उभी राहणारी बाई नेमायचा अधिकार पंचायतीला कोणी नाकारलेला नाही. मानधनाला लागणारी रक्कम पथदिव्यांच्या बिलापेक्षा कमी असेल. धाराशिव जिल्हा परिषदेने लोहारा आणि उमरगा या दोन तालुक्यांपुरती तरी ही नेमणूक सुरू करावी, जुन्या संवाद सहायकांपैकी ज्या आहेत त्यांच्याकडून नव्या मुलींना शिकवून घ्यावे, आणि हे काम येत्या पावसाळ्याआधी व्हावे.