जीपीएस आठवडा-क्रमांकाचा पुनरारंभ आणि जुन्या दिशादर्शक उपकरणांची उपयुक्तता

प्रस्तावना :
मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतांत हेतुपुरस्सर मिसळली जाणारी त्रुटी काढून टाकली. त्यानंतर हातात धरून वापरावयाचे जीपीएस रिसीव्हर व मोटारीतील दिशादर्शक उपकरणे यांचा प्रसार झपाट्याने झाला. भूगोल, भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र आदी विषयांच्या क्षेत्रीय अभ्यासातही ती उपयुक्त ठरली. या जुन्या उपकरणांपैकी काहींच्या पडद्यावरील दिनांक एकाएकी सुमारे वीस वर्षे मागे गेलेला दिसतो. अशी उपकरणे नादुरुस्त समजून निकालात काढली जाण्याचा संभव असतो. वस्तुतः हा दोष यंत्राच्या सुट्या भागांचा नसून कालगणनेचा आहे. या दोषाची कारणमीमांसा व त्यावरील उपाय यांचे विवेचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

समस्येचे स्वरूप :
जीपीएस उपग्रह आपल्या संदेशात इसवी सनातील दिनांक पाठवीत नाहीत. ६ जानेवारी १९८० पासून कितवा आठवडा चालू आहे आणि त्या आठवड्यातील किती काळ लोटला आहे, एवढेच ते कळवितात. मूळ संदेशरचनेत आठवड्याच्या क्रमांकासाठी केवळ १० बिट राखून ठेवलेले असल्याने ० ते १०२३ एवढेच क्रमांक पाठविता येतात. १०२४ आठवडे, म्हणजे ७१६८ दिवस किंवा सुमारे १९.६ वर्षे पूर्ण झाली की गणना पुन्हा शून्यापासून सुरू होते. असा पुनरारंभ प्रथम २२ ऑगस्ट १९९९ रोजी व दुसऱ्यांदा ७ एप्रिल २०१९ रोजी झाला. तिसरा पुनरारंभ २१ नोव्हेंबर २०३८ रोजी होईल.

पंचांगातील संवत्सरचक्राशी याची तुलना करता येईल. साठ संवत्सरांची नावे क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. आनंद संवत्सर शके १५९६ मध्ये होते, तसेच ते शके १८९६ मध्येही होते. एखाद्या कागदावर केवळ संवत्सराचे नाव असेल आणि शक दिलेला नसेल, तर अभ्यासकाला इतर पुराव्यांवरून वर्ष ठरवावे लागते. जीपीएस रिसीव्हरपुढेही नेमका हाच प्रश्न असतो.

उपकरणनिहाय भिन्नता :
चालू चक्र कोणते, हे ठरविण्यासाठी अनेक उत्पादक उपकरणाच्या फर्मवेअरमध्ये एक आधारदिनांक नोंदवितात. त्यापूर्वीचा काळ असूच शकत नाही, असे गृहीत धरून उपकरण पुढील १०२४ आठवडे अचूक दिनांक दाखविते. ही मुदत संपली की दिनांक मागे जातो. त्यामुळे सर्व उपकरणांत हा दोष एकाच दिवशी उद्भवत नाही. एप्रिल २०१९ मध्ये न्यूयॉर्क शहराची शासकीय बिनतारी संदेशयंत्रणा विस्कळीत झाली, ती अधिकृत पुनरारंभाच्या वेळी. याउलट, जीपीएसडी या मुक्त संगणक-प्रणालीच्या काही आवृत्त्यांत २४ ऑक्टोबर २०२१ या दिवशी दिनांक मार्च २००२ मध्ये नेणारा दोष होता. तो आधीच लक्षात आल्याने सुधारित आवृत्ती वेळेत उपलब्ध झाली.

स्थाननिश्चिती मुख्यतः आठवड्यातील वेळ व उपग्रहांच्या कक्षेची ताजी माहिती यांवर अवलंबून असते. म्हणून दिनांक चुकला तरी अक्षांश-रेखांश बहुधा बरोबर मिळतात. तथापि चुकीच्या दिनांकामुळे आकाशात कोणते उपग्रह आहेत याचा उपकरणाचा अंदाज चुकू शकतो व प्रथम स्थाननिश्चितीस विलंब होऊ शकतो. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा आणि नोंदींचे दिनांकही चुकतात.

निदान व उपाय :
७१६८ ला ७ ने निःशेष भाग जातो. त्यामुळे या दोषात वार बरोबर राहतो आणि घड्याळातील वेळही सामान्यतः जुळते. चुकलेला दिनांक खऱ्या दिनांकाच्या नेमका ७१६८ दिवस मागे असल्यास पुनरारंभ हेच कारण समजावे. अन्यथा बॅटरी अथवा मांडणी तपासावी.

पहिला उपाय म्हणजे उत्पादकाने दिलेले सुधारित फर्मवेअर बसविणे. त्यापूर्वी उपकरणातील नोंदी संगणकावर उतरवून घ्याव्यात. दुसरा उपाय जुनी उपग्रह-माहिती पुसून उपकरण मोकळ्या आकाशाखाली ठेवण्याचा होय. उपग्रहांची संपूर्ण सूची प्रसारित होण्यास १२.५ मिनिटे लागतात. म्हणून किमान अर्धा तास थांबणे श्रेयस्कर. याने स्थाननिश्चितीचा विलंब कमी होऊ शकतो. दिनांक मात्र सुधारेलच असे नाही.

फर्मवेअर उपलब्ध नसल्यास नोंदी संगणकावर दुरुस्त कराव्यात. स्प्रेडशीटमधील दिनांकात ७१६८ मिळविले की खरा दिनांक मिळतो. उदाहरणार्थ, १० मार्च २००२ ही चुकीची नोंद २४ ऑक्टोबर २०२१ अशी होते. मात्र ही दुरुस्ती सरसकट करू नये. त्याच उपकरणात २००२ मधील खऱ्या नोंदीही असू शकतात. मूळ फाइल जशीच्या तशी जतन करून, केलेल्या दुरुस्तीचा उल्लेख संशोधन-अहवालात करणे आवश्यक आहे. क्षेत्रवहीत दिनांक हाताने लिहिण्याची जुनी शिस्त येथे निर्णायक पुरावा ठरते.

समारोप :
नव्या जीपीएस संदेशरचनेत आठवड्यासाठी १३ बिट असून ते चक्र सुमारे १५७ वर्षांचे आहे. युरोपच्या गॅलिलिओ प्रणालीत १२ बिट आहेत. भारताच्या नाविक प्रणालीची गणना २२ ऑगस्ट १९९९ पासून सुरू होते व तिच्यातही १० बिटच योजलेले आहेत. म्हणजेच हा प्रश्न केवळ परक्या प्रणालीचा नाही. ज्या उपकरणाचे स्थानमापन विश्वसनीय आहे, ते केवळ दिनांकासाठी टाकून देणे आर्थिक व पर्यावरणीय या दोन्ही दृष्टींनी अयोग्य होय. परंतु ज्या नोंदींत काळ हाच अभ्यासाचा घटक आहे, तेथे असे उपकरण दुसऱ्या घड्याळाच्या साक्षीशिवाय वापरू नये. महाविद्यालयीन विभागांनी २०३८ ची वाट न पाहता आपल्या प्रत्येक उपकरणाचा दिनांक आजच पडताळून पाहणे हितावह ठरेल.