एककल्ली, अबोल, तऱ्हेवाईक

बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात रुग्ण लहान असला तरी प्रश्न घेऊन येतात ती मोठी माणसे. गेल्या काही वर्षांत या प्रश्नांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. मुलाला ऑटिझम आहे हे सांगून होते, पुढील दिशा ठरते आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत वडील, क्वचित आई, खिशातून एक कागद काढतात. रात्री जागून स्वतःविषयी भरलेली ती प्रश्नावली असते. खाली बेरीज केलेली असते. मुलाची म्हणून मी जी लक्षणे विचारली, ती त्यांना स्वतःच्या बालपणात सापडलेली असतात.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि अशा मुलांच्या आईवडिलांत व भावंडांत त्याच्या सौम्य छटा आढळतात, हे आता पुरेसे प्रस्थापित झाले आहे. शिवाय आज जे पन्नाशीत आहेत त्यांच्या बालपणी हे निदान होण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन १९४३ साली प्रसिद्ध केले खरे. परंतु जे बोलतात, शिकतात, नोकरी करतात अशांकडे इंग्रजी वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले ते लोर्ना विंग यांच्या १९८१ च्या लेखाने. आमच्या इंदुरात त्या काळी अशा मुलांसाठी घरगुती शब्द होते : एककल्ली, अबोल, तऱ्हेवाईक, माणूसघाणा. (पुढे रूढ झालेला ‘स्वमग्न’ हा प्रतिशब्दही मला फारसा रुचत नाही. ही मुले स्वतःत मग्न असण्यापेक्षा पुष्कळदा जगाच्या आवाजाने आणि उजेडाने बेजार असतात.)

बहुतेकांच्या हाती असते ती केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन व सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेली ‘ऑटिझम स्पेक्ट्रम कोशंट’. त्यात ५० विधाने, ५० गुण आणि ३२ ही सीमारेषा. मूळ अभ्यासात निदान झालेल्या प्रौढांपैकी सुमारे ८० टक्के या रेषेवर किंवा तिच्या वर होते, तर सर्वसाधारण गटातील अवघे २ टक्के. आकडे ऐकायला उत्तम आहेत; पण डॉक्टर मित्रांनी जरा कागद-पेन घ्यावे. समाजात १०० माणसांमागे एकाला ऑटिझम आहे असे धरू. १०,००० लोकांनी प्रश्नावली भरली तर खरे १००, त्यांतील ८० जण रेषा ओलांडतील. उरलेल्या ९,९०० पैकी २ टक्के, म्हणजे १९८ जणही ती ओलांडतील. एकूण २७८ जणांची झोप उडेल आणि त्यांतील फक्त ८० जणांची शंका खरी ठरेल. ज्याच्या मुलालाच ऑटिझम आहे त्याच्याबाबत हे प्रमाण निश्चितच वाढते. तरीही चाळणी ती चाळणीच.

उलट बाजूही पाहावी. लंडनच्या एका विशेष केंद्राकडे तपासणीसाठी पाठवलेल्या प्रौढांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तेथे या गुणांचा आणि नंतर झालेल्या निदानाचा मेळ बसला नाही. रेषेच्या खाली राहिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना प्रत्यक्षात ऑटिझम निघाला आणि दीर्घकालीन चिंताविकार असलेल्यांचे गुण उगाच फुगलेले असू शकतात, असेही दिसले. म्हणजे ३७ गुणांनी हबकून जाऊ नये, तसे २१ गुणांनी निर्धास्तही होऊ नये.

माझी खरी तक्रार मात्र आकड्यांपेक्षा प्रश्नांविषयी आहे. पार्टीपेक्षा वाचनालय बरे वाटते का, अवांतर गप्पा मारता येतात का, असे प्रश्न त्यात आहेत. आपल्याकडचा मनुष्य पार्टीला जावे की न जावे हे ठरवत कुठे बसतो? तो मुंजीला जातो, तेथे कोणी तरी त्याच्या हाती वरणाची बादली देते आणि पंगत वाढता वाढता तीन तासांत त्याला एकही वाक्य बोलावे लागत नाही. सोयरीक वडीलधारे जमवतात. मोठ्यांच्या नजरेला नजर न देणे हा तर आपल्याकडे विनय! एकत्र कुटुंबाने अशा कित्येकांना अलगद झेलून धरले होते. मुलींचे आणखी वेगळे. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीची हसून विचारपूस करायची हे त्यांना पाचव्या वर्षापासून घोटून शिकवलेले असते. आतल्या आत किती दमणूक होते हे कागदावर उतरत नाही.

आपल्याकडचे मापन म्हणजे सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेले आणि २००९ साली जाहीर झालेले भारतीय मूल्यांकन. त्यात ४० मुद्दे असून बेरीज ४० ते २०० होते व ७० पासून ऑटिझम धरतात. परंतु ते जाणकाराने निरीक्षण करून, पालकांशी बोलून भरायचे असते. ते घरी बसून स्वतःपुरते भरण्याचे साधन नव्हे.

मग निर्णय कशावर? बालपणावर. लक्षणे लहानपणापासून असली पाहिजेत. मात्र जगाच्या मागण्या क्षमतेपलीकडे जाईपर्यंत ती पूर्णपणे दिसणार नाहीत, असे निदानाचे आजचे निकषच सांगतात. बढती, बदली, विभक्त संसार किंवा स्वतःचे मूल हे त्या मागणीचे क्षण.

येथे एका गृहस्थांची हकीकत सांगतो. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. हिशेबखात्यातील नोकरी, चोख काम, एकुलता एक मुलगा चार वर्षांचा. ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, औषध नको. मी मुद्दाम तसा वागत नव्हतो, एवढे कोणी तरी सांगा.” मी त्यांच्या मातोश्रींना बोलावून घेतले. वय ७८, स्मरणशक्ती खणखणीत. हा शाळेत एकाच रस्त्याने जाई. रस्ता खणलेला असला तर घरी परते. रेशनच्या दुकानावरचा भावफलक मोठ्याने वाचल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नसे. रंगपंचमीची गेर राजवाड्यावर निघाली की हा माळ्यावर, गाद्यांच्या गठ्ठ्यामागे. चार वर्षांचा होईपर्यंत मागायचे काही असले तर आईचा हात धरून वस्तूवर नेऊन ठेवायचा. ते ऐकताना त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, “बारा वर्षं मला वाटत होतं, यांना माझं बोलणं आवडत नाही.”

मनोविकारतज्ज्ञांकडे तीन भेटी झाल्या, निदान पक्के झाले. चिंताविकार सोबत होता. त्यावर उपचार झाले. मूळ ऑटिझमवर औषध नाही, हे त्यांना आधीच ठाऊक होते. कार्यालयात त्यांनी कोपऱ्यातली जागा मागून घेतली आणि सूचना तोंडी न देता लिहून द्याव्यात अशी विनंती केली. घरात आता पत्नी ‘जरा वेळाने बोलू’ याचा अर्थ ‘अर्ध्या तासाने’ असाच घेते.

प्रत्येकाला निदान हवेच असे नाही. ज्याचे आयुष्य सुरळीत चालले आहे त्याने केवळ कुतूहलापोटी चिठ्ठी चिकटवून घ्यावी, असे मी म्हणणार नाही. पण नैराश्याचे उपचार वर्षानुवर्षे चालूनही काही तरी उरतेच, अशा रुग्णाच्या बालपणाकडे फिजिशियन आणि मनोविकारतज्ज्ञ मित्रांनी एकदा जरूर पाहावे. घरातली सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेली माणसे हाच त्याचा एकमेव दस्तऐवज असतो, फार तर जोडीला शाळेचे एखादे प्रगतिपुस्तक. म्हणून नातवाबरोबर आजी आलेली असली की मी हल्ली, वडिलांची संमती घेऊन, त्यांच्या लहानपणाचे दोन-चार प्रश्न विचारतो : बोलायला कधी लागला, कुणाशी खेळायचा, कशाला घाबरायचा. उत्तरे केसपेपरच्या मागच्या बाजूला तारीख घालून लिहून ठेवतो.